लाइटबॉक्सवरचा ठिपका

विष्णू, ही गोष्ट सांगायची मी सात वर्षं टाळली. कधी तुझी तब्येत आड आली, कधी माझी हिंमत, आणि बऱ्याचदा तर नुसता चहा आड आला. शालनवहिनी कप घेऊन बाहेर यायच्या आणि मी ओठांवर आलेलं वाक्य चहाबरोबर गिळून टाकायचो. आता तू नाहीस, तेव्हा टाळायला कारणही उरलेलं नाही. हे लिहून मी आपल्या छपाईवाल्यांच्या अंकाला देणार आहे. महाप्याच्या प्रेसमध्ये त्या दिवशी जे हजर होते, त्यांतले बरेच जण हा अंक वाचतात. त्यांच्यादेखत जे बिघडलं ते त्यांच्यादेखतच दुरुस्त व्हायला हवं.

तुझ्या दहाव्याला आम्ही सगळे घणसोलीच्या खाडीवर होतो. पिंड ठेवला आणि माणसं मागे सरकली. कावळा शिवला नाही तर काय काय कबूल करायचं, याची तुझ्या जावयाने मनातल्या मनात यादी केली असेल. माझी यादी एकाच ओळीची होती. ती मोठ्याने म्हणावी लागेल, याची मला भीती होती. पण कावळा आला तो सरळ, जसा काही वाटच बघत होता. सगळे म्हणाले, विष्णूची काही इच्छा राहिली नव्हती. खरं आहे ते. राहिलं होतं ते माझं.

अंक वाचणाऱ्यांत आता कॉम्प्युटरवर पानं लावणारी मुलंही आहेत. त्यांच्यासाठी तुला पाठ असलेलंच पुन्हा सांगतो, वैतागू नकोस. आमचा लाइटबॉक्स म्हणजे टेबलाएवढी पेटी, वर दुधी काच, आत चार ट्यूब. कॅमेरा विभागातून फिल्म यायच्या, काळी अक्षरं आणि बाकी सगळं पारदर्शक. त्या फिल्म या काचेवर एका मोठ्या पारदर्शक शीटवर मापाने चिकटवायच्या. त्या शीटवरून प्लेट बनायची आणि प्लेटवरून छपाई. फिल्मवर धुळीचा एक कण राहिला तरी तो प्लेटवर उतरायचा आणि हजारो कागदांवर काळा ठिपका होऊन बसायचा. म्हणून प्रत्येक फिल्म भिंगातून बघायची आणि नको ते ठिपके पात्याने खरवडायचे. आमच्या मागच्या डोंगरात दिवसभर खडी फुटायची, त्यामुळे ठिपक्यांना तोटा नव्हता. खरवडायला फिल्म पालथी करावी लागायची, कारण काळा थर खालच्या बाजूला असतो. पालथ्या फिल्मवर अक्षरं उलटी दिसतात. तुला तर उलटं वाचायची इतकी सवय, की कोपरखैरण्याच्या न्हाव्याकडे आरशात दिसणारं पाठीमागचं कॅलेंडर तू घडाघडा वाचायचास. न्हाव्याचा वस्तरा तुझ्या गालावरच थांबायचा.

आपल्या पेस्टिंग विभागाचा मी हेड, म्हणून तू मला चिडवायला ‘हेडमास्तर’ म्हणायचास. मनातून चिडलास की ‘काशिनाथराव’ आणि एरवी नुसतं ‘काशी’. आपलं भांडण कायमचं एकच, ते पुरं झालंच नाही. माझा हात पात्यावर, तुझा फडक्यावर. ठिपका दिसला की मी खरवडायचो. तू आधी मऊ फडक्याने फिल्म पुसायचास, मग भिंग लावायचास, मग मूळ प्रत काढून तिच्याशी ताडून बघायचास, आणि एवढं झाल्यावर पातं उचलायचास. मी म्हणायचो, विष्णू, असं करशील तर जॉब पुढच्या दिवाळीला जाईल. तू मान वर न करता म्हणायचास, “पुसल्यावर जाती ती धूळ, काशी. जात न्हाई ते कुणीतरी लिवलेलं असतंय.”

आणखी एक रीत होती, आपल्या दोघांनीच घातलेली. शीटवर शेवटचा हात ज्याचा, कोपऱ्यात सही त्याची. सही झाल्यावर दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याने खाली आपली सही करायची. नव्या माणसाला ही रीत पहिल्या दिवशी मीच शिकवायचो.

त्या दिवशी तुझ्या सुनंदाला बघायला पाहुणे यायचे होते. तू सकाळपासून घड्याळाकडे बघत होतास, पण हात नेहमीसारखाच सावकाश. तान्ह्या मुलांना द्यायच्या औषधाची माहितीपत्रिका होती. एका शीटवर तीच पत्रिका आठ वेळा. चारच्या सुमाराला तू शीट पुरी केलीस, कोपऱ्यात तुझा तो वळणदार ‘वि’ काढलास आणि म्हणालास, “हेडमास्तर, बघून घ्या आणि पाठवा. मी पळतो. पोरीनं पोह्यात मीठ घातलंय का न्हाई ते बघायला पायजे.”

तू गेलास. मी शीट बघितली. खालच्या ओळीत मला तीन ठिपके दिसले. आता खरं सांगतो, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत तुझ्या शीटवर एक ठिपका मला सापडला नव्हता, आणि आज एकदम तीन. वाटलं, आज विष्णूची नजर घरी गेलीय. उद्या सकाळी तुला कसं चिडवायचं तेही ठरवलं. फिल्म सोडवली, पालथी केली आणि तिन्ही ठिपके खरवडले. फडकं तुझ्या जागेवर घडी करून ठेवलेलं होतं. ते मी उचललं नाही. मूळ प्रत काढली नाही. फिल्म परत चिकटवली. प्लेटवाला दारातून घाई करत होता. सही करायला पेन घेतलं आणि खाली ठेवलं. मनाशी म्हटलं, सही केली तर विष्णूच्या कामात खोट निघाली असं दिसेल, कशाला उगाच. म्हणजे बघ, तुझ्यावर उपकार करतोय असं समजून मी तुझी मान अडकवली.

त्या तीनपैकी दोन ठिपके धुळीचे होते. तिसरा दशांशचिन्ह होता. शून्य आणि पाच यांच्या मधला. अर्ध्या मिलिलिटरचे पाच मिलिलिटर झाले, तेही आठातल्या एकाच पत्रिकेवर.

औषध कंपनीच्या तपासनिसाच्या ते नजरेला पडलं. माल बाहेर गेला नव्हता, कुणा लेकराच्या पोटात काही गेलं नाही. एवढं एक दैवाने राखलं. गठ्ठे परत आले. शेठनी ती शीट मागवून लाइटबॉक्सवर ठेवली आणि सगळ्यांना बोलावलं. सात जागी ठिपका होता. आठव्या जागी भिंगातून पात्याचा ओरखडा दिसत होता. कुठे दिसणार हे मला भिंग लावायच्या आधीच माहीत होतं. खालची ओळ, डावीकडून तिसरी पत्रिका. माझ्या हाताला ती जागा आठवत होती.

शेठनी विचारलं, हे कुणी केलं. सगळ्यांनी कोपऱ्यातल्या सहीकडे बघितलं. तू भिंग घेतलंस आणि वाकलास. किती वेळ वाकलेला होतास, विष्णू. मी तुझ्या खांद्याशी उभा होतो. काचेतला उजेड तुझ्या हनुवटीवर खालून पडला होता. तू सरळ झालास आणि म्हणालास, “सही माझीच हाय, शेठ. डोळं गेलं म्हणायचं माझं.”

त्याच्यानंतर बोलायला मला भरपूर वेळ होता. आत ट्यूबचा चोक गुणगुणत होता, तो मला अजून ऐकू येतो. मी बोललो नाही.

का नाही बोललो याची कारणं मी पुष्कळ जमवलीत. रिटायर व्हायला चार वर्षं होती. नवा कॉम्प्युटर विभाग माझ्याकडे द्यायचं शेठ बोलत होते. नव्या पोरांना सहीची रीत शिकवणारा मीच. आज ही कारणं काचेवर ठेवून बघितली की त्यातलं एकही टिकत नाही. खरं कारण एवढंच की तू फार लवकर कबूल झालास. थोडा भांडला असतास, ‘मी सोडलं तेव्हा ठिपका होता’ एवढं जरी म्हणाला असतास, तर मला बोलावं लागलं असतं. पण तुझा स्वतःपेक्षा त्या सहीवर जास्त विश्वास होता. ती रीत आपण दोघांनी घातली होती. आपल्यातला एक जण ती मोडेल हे तुझ्या डोक्यातच आलं नाही.

शेठ माणूस वाईट नव्हते. काढत नाही म्हणाले, बाइंडिंगला जा. तू नको म्हणालास. नजर गेलेल्या माणसाने छापखान्यात कशाला राहायचं, म्हणालास. जायच्या आधी फडकं घेऊन तू दुधी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलीस, ट्यूब बंद केल्यास आणि मला म्हणालास, “संध्याकाळी घरी ये. सुनंदाचं जमलंय. पेढे हायत.” मी आलो. पेढा खाल्ला.

नंतर आपण दोघं वाशीला डोळे तपासायला गेलो. डॉक्टर म्हणाले, पन्नाशीनंतर सगळ्यांना लागतो तेवढाच जवळचा नंबर आहे, नजर उत्तम. मी जिन्यात म्हटलं, बघ, डोळ्यांना काही झालेलं नाही. तू म्हणालास, “त्या तक्त्यावरची अक्षरं घोड्याएवढी. त्या डॉक्टरला ठिपक्यातलं काय कळतंय?” तेव्हा जिन्यात आपण दोघंच होतो.

मग तू घणसोली गावात गाळा घेतलास आणि दुकानांचे बोर्ड करायला लागलास. पत्र्याची खोल पेटी, आत ट्यूब, समोर पांढरं अ‍ॅक्रिलिक आणि त्यावर कापलेली रंगीत अक्षरं. गिऱ्हाईक त्यालाही लाइटबॉक्सच म्हणायचं. मला पहिल्यांदा ते कानाला खटकलं. आपला लाइटबॉक्स आडवा, त्यावर माणूस वाकतो. हा उभा, रस्त्याकडे तोंड करून. तू हसलास. म्हणालास, तिथं आपण उजेडापुढं मान घालायचो, इथं लोक मान वर करून बघत्यात, एवढाच फरक. गाळ्याची मालकीण, ती आगरी म्हातारी, पहिला बोर्ड पेटल्यावर बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, “उजेडाची पेटी हाय ही. देवालाबी एक बनव.” गावदेवीच्या देवळाच्या दारावर तू एक लावून दिलीस. अजून आहे. तुझ्या दहाव्याहून परत येताना पेटलेली बघितली.

पण तुझा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काही परत आला नाही. अक्षर लावलं की आधी सुनंदाला वाचायला लावायचास. ती सासरी गेल्यावर एका रविवारी तू माझ्या दारात उभा. म्हणालास, “काशी, तुझे डोळे शाबूत हायत. आठवड्यातनं एकदा येत जा आणि बोर्ड बघून दे. मला माझा भरवसा न्हाई.”

तेव्हा नाही म्हणता आलं असतं, खरं सांगता आलं असतं, दोन्ही आलं असतं. मी ‘येतो’ म्हटलं. आणि पाच वर्षं दर रविवारी येत राहिलो. तू पेटी पेटवायचास, मी लांब उभा राहून वाचायचो, मग जवळ जाऊन काना, मात्रा, अनुस्वार एकेक बघायचो. तुझ्या एकाही बोर्डावर मला कधी काही सापडलं नाही. एकदा दवाखान्याचा बोर्ड होता. ‘डॉ’च्या पुढचा ठिपका तू लावलास आणि मला विचारलंस, ठिपका हाय ना रं? मी म्हटलं, आहे. तू बोर्ड कागदात गुंडाळायला घेतलास, परत उघडलास. “काशी, हाय ना?” तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. विडी ओढून येतो, म्हटलं. मी विडी सोडून दहा वर्षं झाली होती, हे तुलाही माहीत होतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट लपवायची नाही. ते रविवार माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. माझी बायको गेली त्या वर्षात तर आठवडाभर मी त्या एका दिवसासाठी तग धरायचो. वहिनींची ज्वारीची भाकरी, तुझ्या गावाकडून आलेल्या मिरचीचा ठेचा, आणि तुझ्या साताऱ्याच्या गप्पा, ज्यात प्रत्येक बैल हत्तीएवढा असायचा. माझं पान वाढून झाल्याशिवाय तू घास तोंडात घालत नव्हतास. ज्याने तुझा हात तुझ्या कामावरून उठवला, त्याला तू पाच वर्षं जेवू घातलंस. मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात, आणि जीव कोणत्या बाजूला टाकावा ते कळत नाही.

यंदा होळीनंतर तुझा खोकला हटेना. मी आणि वहिनी तुला घेऊन इस्पितळात गेलो. तरुण डॉक्टर घाईत होता. त्याने छातीचा एक्स-रे भिंतीवरच्या पेटीत अडकवला आणि बटण दाबलं. तुझ्या फासळ्या उजेडात आल्या. तो आम्हाला काही समजावायला लागला, तेवढ्यात तू खुर्चीतून म्हणालास, “डॉक्टर, फिल्म उलटी लावलीया.”

डॉक्टर थांबला. फिल्मच्या कोपऱ्यात उजवी बाजू दाखवणारं इंग्रजी अक्षर होतं, शेंगदाण्याएवढं. ते उलटं होतं. तू होतास दहा फुटांवर, खोकून डोळ्यांत पाणी आलेलं. त्याने फिल्म काढून सुलटी लावली आणि विचारलं, काका, तुम्ही एक्स-रे विभागात होता का? तू म्हणालास, न्हाई, लाइटबॉक्सवर होतो. आणि माझ्याकडे बघून हसलास. “दिसतंय की रं अजून.”

डॉक्टर पुढे जे बोलला ते वहिनींनी ऐकलं. मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात तुझं वाक्य होतं.

संध्याकाळी वहिनी औषधं आणायला खाली गेल्या. मी तुझ्या खाटेशी बसलो आणि खरंच सुरुवात केली. म्हटलं, विष्णू, तो औषधाच्या पत्रिकेचा जॉब आठवतो का? तू माझ्या हातावर हात ठेवलास. म्हणालास, “कशाला काढतोस ते? एक मात्र तुला सांगायचं राहिलं बघ. त्या दिवशी तू हेड होतास. सगळ्यांम्होरं मला चार शब्द बोलला असतास तर चाललं असतं. तू एक शब्द बोलला न्हाईस. माझी लाज राखलीस. ते मी इसरलो न्हाई.”

सात वर्षं तू माझं गप्प बसणं माया समजून जपून ठेवलं होतंस. ते तुझ्याकडून काढून घ्यायचं की तुझे डोळे तुला परत द्यायचे, मला ठरवता येईना. आज कळतं, ठरवायचं काही नव्हतंच. डोळे तुझे होते. ती माया खोटी होती आणि तीही मलाच वाचवत होती. पण तेव्हा मी तुझ्या अंगावर चादर ओढली आणि म्हटलं, झोप आता. त्यानंतर तू एकवीस दिवस होतास. बरेचसे गुंगीत, पण सगळे नाही.

परवा हे लिहिलेलं घेऊन मी वहिनींकडे गेलो आणि त्यांना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेवटपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. मी संपवल्यावर सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “भावजी, हे त्यांना सांगायचं होतं. राती अंथरुणात पडल्या पडल्या तळहात डोळ्यांसमोर धरून रेघा मोजायचे, दिसत्यात का बघायला. मला सांगून आता काय उपेग?” मी उठलो. दारापर्यंत आलो तेव्हा आतून म्हणाल्या, “छापायला द्या. त्यांचं नाव बरोबर लिवा.”

लिहितो, वहिनी. विष्णू जगदाळे, पेस्टर. त्यांच्या सहीच्या एकाही शीटवर कधीही चूक नव्हती. त्या शीटवर विष्णूच्या सहीखाली जी सही राहून गेली, ती आज करतो: काशिनाथ.

आणि विष्णू, त्या संध्याकाळी खाटेशी बसून मला फक्त एवढंच म्हणायचं होतं. दोन श्वासांचं काम होतं. तो ठिपका तू राखलेला होता आणि जागेवर होता. तू गेल्यावर मी तो खरवडला, फडकं न लावता. तुझ्या डोळ्यांना कधीच काही झालं नव्हतं. मला माफ कर.